कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवायची: यूएसबी प्लेअर घ्यावा की दुकानात द्यावी?

वॉकमनच्या आकाराचा, प्लास्टिकचा, एका कडेला यूएसबीचं छिद्र असलेला कॅसेट प्लेअर ऑनलाइन दोन-तीन हजारांच्या घरात मिळतो. डब्यावरची नावं वेगवेगळी, आतलं यंत्र मात्र जवळजवळ एकच. म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, त्या सगळ्या जातीचं आहे. सोबत त्याच कामाच्या दुसऱ्या वाटेचंही आहे: संभाजीनगर, नांदेड, लातूरकडचे फोटो स्टुडिओवाले आणि लग्नाचे मिक्सिंगवाले व्हीएचएसबरोबर ऑडिओ कॅसेटही पेनड्राइव्हवर उतरवून देतात. फरक आवाजात आहे आणि कायद्यात आहे. गंमत अशी, की आवाज एकीकडे ओढतो आणि कायदा दुसरीकडे.

मत आधीच सांगतो. कीर्तन, प्रवचन, भाषण, भारूड, आजीच्या ओव्या असं बोलण्याच्या अंगाचं काही असेल तर हा प्लेअर घ्या, पैसे वसूल होतात. पेटी लांब सूर धरून बसते असं भजन, शहनाई, गझल, शास्त्रीय गाणं असेल तर घेऊ नका. घरात पडलेला टू-इन-वन किंवा डेक बेल्ट बदलून चालू करा आणि तो लॅपटॉपला जोडा. दुकानात द्यायचीच असेल तर खालचे प्रश्न विचारल्याशिवाय कॅसेट हातातून सोडू नका.

डब्यात प्लेअर, यूएसबीची वायर आणि एक छोटी सीडी येते. सीडीवर ऑडेसिटी या आवाज भरायच्या आणि सुधारायच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असते. आजच्या लॅपटॉपला सीडीचा खणच नसतो, तेव्हा ती बाजूला ठेवा आणि ऑडेसिटी तिच्या मूळ साइटवरून फुकट उतरवून घ्या. प्लेअर दोन पेन्सिल सेलवर किंवा यूएसबीच्या विजेवर चालतो. घेताना एक गोष्ट नक्की बघा: यात दोन प्रकार आहेत. एक प्रकार कॉम्प्युटरशिवाय काही करत नाही. दुसरा थेट पेनड्राइव्हवर किंवा कार्डावर एमपीथ्री बनवतो. दुसरा सोयीचा वाटतो, पण तो सहसा १२८ केबीपीएसवर, म्हणजे हलक्या दर्जावर, दाबून ठेवतो आणि ते बदलता येत नाही. शिवाय शांतता आली की नवा ट्रॅक सुरू करण्याची त्याला खोड असते. कीर्तनात बुवा अभंगाचा चरण टाकून क्षणभर थांबले की याने फाइल तोडलीच. तासाभराच्या कीर्तनाचे तीस-चाळीस तुकडे हातात येतात आणि निरूपणातला दृष्टान्त मधोमध कापलेला असतो. तो पर्याय बंद करता येत असेल तर बंद करा. बंद करता येत नसेल तर पहिलाच प्रकार बरा.

कॉम्प्युटरला जोडल्यावर हमखास अडणारी जागा विंडोजची सेटिंग. हा प्लेअर विंडोजला मायक्रोफोन वाटतो. त्यामुळे काही वेळा तो मोनोवर, म्हणजे दोन्हीऐवजी एकाच चॅनेलवर, लावला जातो आणि वर 'ऑडिओ एन्हान्समेंट' नावाची मेहरबानी चालू असते, जी माणसाच्या बोलण्याखेरीज बाकी सगळं गोंगाट समजून दाबते. टाळ आणि मृदंगाची घुमक गायब होते ती इथे. साउंडच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगच्या यादीत हे यंत्र शोधा, दोन चॅनेल, १६ बिट, ४४,१०० हर्ट्झ निवडा, एन्हान्समेंट पूर्ण बंद करा. मग ऑडेसिटीत तेच यंत्र आणि 'स्टिरिओ' निवडा. प्लेअरवरचं आवाजाचं चाक बहुतेक नगांत रेकॉर्डिंगची पातळीही ठरवतं. कॅसेटमधला सगळ्यात जोराचा भाग लावून बघा आणि ऑडेसिटीतली पातळीची पट्टी उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही इतकं चाक ठेवा. कमी आवाज नंतर वाढवता येतो. वर आपटून फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने सांधत नाही.

आता या यंत्राचा खरा दोष. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या एकाच गतीने सरकायला हवी. जुन्या डेकमध्ये त्यासाठी फ्लायव्हील, म्हणजे गती सारखी ठेवणारं जड चाक, असायचं. या हलक्या प्लेअरात फ्लायव्हील म्हणजे नावापुरती चकती, मोटर बारकी आणि बेल्ट सुतळीएवढा. परिणाम: लांब सूर थरथरतो. बोलण्यात ही थरथर कानाला कळत नाही, पेटीच्या सुरात लगेच कळते. ही थरथर नंतर काढता येत नाही. गती एकसारखी पण चुकीची असेल, तर ती मात्र सुधारता येते. तपासायला वेगळं उपकरण नको: मोबाइलमध्ये ट्यूनरचं फुकट अॅप घ्या आणि भजनातल्या पेटीचा स्थिर सूर त्याला ऐकवा. सूर काळी दोनच्या (ट्यूनरवर डी शार्प) आसपास पडतो की काळी दोन आणि पांढरी तीनच्या (ट्यूनरवर ई) बरोबर मध्ये लोंबकळतो? गती ६ टक्क्यांनी चुकली की अख्खा एक स्वर, म्हणजे पेटीवरची शेजारची पट्टी चुकते. मध्येच लोंबकळत असेल तर गती साधारण ३ टक्क्यांनी हललेली आहे. जुनी पेटी स्वतःच थोडी उतरलेली असू शकते, म्हणून एकाच कॅसेटवर निकाल देऊ नका. तीन-चार वेगवेगळ्या कॅसेट एकाच दिशेला, वर किंवा खाली, चुकत असतील तर दोष प्लेअरचा. ऑडेसिटीत दुरुस्ती करताना गती आणि स्वर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय वापरायचा. नुसता टेम्पो किंवा नुसता पिच बदलला तर आवाज कृत्रिम होतो, कारण फितीची गती चुकली की दोन्ही एकाच प्रमाणात चुकतात.

दुसरा दोष हेडच्या, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, तिरकेपणाचा. हेड फितीला काटकोनात नसेल तर उंच स्वर मरतात आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा लागतो. लोक समजतात कॅसेट खराब झाली. हेडच्या एका बाजूला बारीक स्क्रू असतो, काही प्लेअरात त्यासाठी झाकणाला भोकही ठेवलेलं असतं. कॅसेट चालू ठेवून, आवाज मोनो करून, तो स्क्रू पाव आट्याच्या आत इकडेतिकडे फिरवा. टाळांचा खणखणाट सर्वांत उघडा होतो ती जागा बरोबर. स्क्रूड्रायव्हर चुंबक लागलेला नको. मोनोत ऐकायचं कारण असं, की तिरकेपणाची चूक मोनोत सगळ्यात जास्त उघडी पडते. ऑटो-रिव्हर्सचं बटण असेल तर त्याच्या नादी लागू नका; उलट दिशेला फिरताना हेडची बैठक बदलते. 'ए' बाजू संपली की कॅसेट हाताने उलटा. फितीची सरसर दाबणारी डॉल्बीची सोय यात नसते, म्हणून डॉल्बी छापलेली कॅसेट जास्त टोकदार वाजेल. वरचे स्वर थोडे उतरवले की भागतं.

कॅसेटची तयारी. मराठवाड्यात बहुतेक कॅसेट पत्र्याखालच्या माळ्यावर लोखंडी पेटीत असतात. मे महिन्यात तिथे जे तापतं त्याने फितीवरचा लोहाचा थर सहसा बिघडत नाही, बिघडतं ते कवच आणि गोंद. फितीला हेडवर दाबणारा जो बोटभर लांब पत्तीवरचा नमद्याचा तुकडा असतो, त्याचा गोंद सुकून तुकडा पडतो. मग आवाज मधूनमधून बुडतो. पेटीत मोकळा पडलेला तुकडा सापडला तर दुहेरी चिकटपट्टीचा बारीक काप लावून परत बसवा. फेविक्विक नको, ते वाहून फितीवर येतं. कवच स्क्रूचं असेल तर पाच स्क्रू काढून फीत दुसऱ्या कवचात घालता येते. चिकटवलेलं कवच ब्लेडने फोडावं लागतं आणि पहिल्या प्रयत्नात फीत तुटायची शक्यता धरा. पावसाळ्यात ओल लागलेल्या कॅसेटच्या रिळावर खिडकीतून पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट लावू नका, हेडवरून ती पुढच्या दहा कॅसेटना लागते.

लावण्याआधी प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही चिपा मोडलेल्या आहेत ना ते बघा. चिप शाबूत आणि चुकून जुन्या टेपवर रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, तर तेवढा आवाज कायमचा गेला. मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटलेले थर सुटतात. हे काम या प्लेअरच्या मोटरवर टाकू नका, त्याची तेवढी ताकद नाही. जुना डेक नाहीतर षटकोनी पेन्सिल. हेड आणि त्याशेजारची धातूची फिरती काडी दर चार-पाच कॅसेटना आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. कापसावर तपकिरी डाग येतो तो फितीचा लोह. रबराचं चाक साबणाच्या ओल्या बोळ्याने पुसलेलं बरं, अल्कोहोलने रबर कडक होतं.

वेळ आणि जागेचा हिशोब सरळ आहे. सी-६० म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं, सी-९० म्हणजे ४५. जितका वेळ कॅसेट तितकाच वेळ रेकॉर्डिंग, त्यात शॉर्टकट नाही. न दाबलेली वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी खाते, तासाला ६०० एमबीच्या वर. फ्लॅक (आवाज न गमावता दाबलेली फाइल) केली तर साधारण निम्मी. १२८ केबीपीएस एमपीथ्री तासाला ५८ एमबीच्या आसपास, ३२० केबीपीएस १४४ एमबी. जपून ठेवायला फ्लॅक, वाजवायला एमपीथ्री. ऑडेसिटीच्या नॉइज रिडक्शनने सरसर कमी करायची असेल तर गाणं सुरू होण्याआधीची दोन-तीन सेकंदांची रिकामी फीत नमुना म्हणून निवडा आणि ६ ते ९ डेसिबलवर थांबा. १२ च्या पुढे गेलात की गळा पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. फितीला थोडी सरसर असतेच, ती राहू द्या.

टू-इन-वन किंवा डेक वापरणाऱ्यांसाठी एकच इशारा: हेडफोनच्या छिद्रातून निघालेली वायर लॅपटॉपच्या छिद्रात खुपसू नका. लॅपटॉपचं ते छिद्र मोनो माइकचं असतं. दोनशे-तीनशे रुपयांच्या यूएसबी साउंड कार्डाचंही गुलाबी छिद्र माइकचंच. स्टिरिओ लाइन-इन असलेलं कार्ड हवं. बेहरिंगरचं यूसीए २०२ हे साधं आणि पुरेसं, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत. सूं-सूं असा गुणगुणाट आला तर चार्जर काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. खेड्यातल्या घरात अर्थिंग नावालाच असतं, निम्मा गुणगुणाट तिथून येतो.

आता कायदा, कारण दुकान की घर हा प्रश्न शेवटी तिथेच सुटतो.

विकत घेतलेल्या कॅसेटची स्वतःसाठी प्रत काढणं भारतात गुन्हा आहे का? नाही. पण ही मोकळीक लोकांना वाटते त्यापेक्षा नवी आहे आणि अरुंद आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १४ प्रमाणे ध्वनिमुद्रणाची प्रत काढण्याचा आणि ते इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्याचा हक्क मालकाचा. कलम ५२ मध्ये अपवाद आहेत आणि त्यातला पहिलाच खाजगी किंवा वैयक्तिक कामासाठी केलेल्या रास्त वापराचा. मूळ कायद्यात हा अपवाद साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांच्यापुरता होता. संगीत म्हणजे चाल, स्वरलिपी. ध्वनिमुद्रण म्हणजे कॅसेटवर उतरलेला आवाज ही वेगळी कृती, ती त्या यादीत नव्हती. ज्या काळात घरोघरी डबल डेकवर कॅसेटमागून कॅसेट भरल्या जात होत्या, त्या काळात त्या कामाला हे कलम लागूच नव्हतं. २०१२ च्या दुरुस्तीने, २१ जून २०१२ पासून, ते कॉम्प्युटर प्रोग्रॅम सोडून 'कोणतीही कृती' असं रुंद झालं आणि या कामांसाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं म्हणजे उल्लंघन नव्हे, असं स्पष्टीकरणही जोडलं गेलं. तोवर कॅसेटचा बाजार उठलेला होता.

'रास्त' म्हणजे किती, याचा आकडा कायद्यात नाही. 'तीन कॉपी चालतात' हे जे ऐकायला मिळतं ते सार्वजनिक ग्रंथालयांसाठीचं वेगळं कलम आहे: भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती. गाण्याच्या कॅसेटशी त्याचा संबंध नाही. '२४ तासांत डिलीट केलं तर चालतं' हे तर कुठल्याच कलमात नाही. व्यवहारात धरायची रेघ अशी: स्वतः विकत घेतलेली अस्सल कॅसेट, तिची घरात वाजवायची प्रत आणि एखादी राखीव प्रत, हे खाजगी. मूळ कॅसेट विकून टाकली आणि प्रत ठेवली, तर रास्तपणाचा आधार तिथेच सैल झाला. बाजारात झेरॉक्सच्या कव्हरमध्ये मिळायची ती डुप्लिकेट कॅसेट असेल, तर तिच्या प्रतीला रास्त म्हणणं अवघड. आणि गावाच्या दोनशे जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फाइल टाकली की ती खाजगी उरत नाही, ग्रुपचं नाव 'आपला परिवार' असलं तरी.

मोकळीक कोणाची, हा खरा मुद्दा. ती तुमची, म्हणजे वापरणाऱ्याची. पैसे घेऊन ते काम करून देणाऱ्या धंद्याला ती आपोआप लागत नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर टिप्स ही गाण्यांची कंपनी विरुद्ध विंक ही ऑनलाइन गाण्यांची सेवा हा खटला चालला. गाणी डाउनलोड करून देणाऱ्या सेवेने, ग्राहक ती स्वतःसाठीच ऐकतो म्हणून आम्हालाही वैयक्तिक वापराचा अपवाद लागतो, असा बचाव केला होता. न्यायालयाने तो मानला नाही. २०२२ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला. ते प्रकरण ऑनलाइन सेवेचं होतं, तुमच्या कॅसेटवरूनच तुम्हाला प्रत काढून देणाऱ्या स्टुडिओचं नव्हतं, आणि हा फरक मोठा आहे. तरी दुकानदाराची जागा तुमच्या जागेइतकी भक्कम नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. धंद्याच्या नफ्यासाठी केलेलं नसेल तर शिक्षा कमी करायची मुभा न्यायालयाला आहे. दुकानदाराला ती मिळणं कठीण.

म्हणून दुकानात विचारायचं ते असं. माझ्याच कॅसेटवरून उतरवणार का? फाइल तुमच्या हार्डडिस्कवर ठेवणार का? वेव्ह फाइल देणार का? पहिल्या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात, पण साठ मिनिटांची कॅसेट देऊन चहा पिऊन येईपर्यंत पेनड्राइव्ह तयार असेल, तर ती तुमच्या कॅसेटवरून उतरलेली नाही. नाव वाचून नेटवरून उतरवलेली आहे, किंवा मागच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटची ठेवलेली फाइल आहे. दोन्ही बाबतींत तुमची मोकळीक तिथे पोचत नाही आणि दुकानदाराचं काम उघड उल्लंघनात जातं. ओळखायची खूण सोपी आहे. फाइल ऑडेसिटीत उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या स्वरांचं चित्र, बघा. फितीची सरसर १६ किलोहर्ट्झच्या वरही पातळ धुक्यासारखी पसरलेली दिसते. नेमकी १६ वर सुरी लावल्यासारखी कापलेली दिसली, तर आवाज आधी कुठेतरी दाबलेल्या एमपीथ्रीतून आलेला आहे. दुकानाने स्वतःच १२८ वर दाबलं असेल तरी तशीच रेघ येते, म्हणूनच वेव्ह मागायची. दुसरी खूण कानाची: तुमच्या कॅसेटमध्ये ज्या जागी फीत गुंतून चुरगळली होती, तिथे आवाज डगमगलाच पाहिजे. डगमगत नसेल तर ती फीत तुमची नव्हे.

दर विचारताना 'एका कॅसेटचे किती' असं नको, 'एका तासाचे किती' असं विचारा. सी-९० दिल्यावर नंतर वाद होतो. हेडचा तिरकेपणा कॅसेटगणिक जुळवता का, एवढा एक प्रश्न विचारला की समोरचा कारागीर आहे की नुसता बटण दाबणारा, ते कळतं. चांगल्या कारागिराकडे जड डेक असतो आणि त्याचा आवाज या प्लास्टिकच्या प्लेअरच्या कितीतरी वर जातो. अशा ठिकाणी स्वतः समोर बसून, आपल्या कॅसेटवरून, आपल्याच पेनड्राइव्हवर उतरवून घेणं ही मधली वाट सगळ्यात बरी.

मोबाइलच्या दुकानात 'कार्ड भरून मिळेल' हा धंदा मात्र याच्या जवळपासही बसत नाही. तिथे तुमची मूळ प्रतच नसते. पन्नास रुपये देऊन हजार गाणी मिळतात तेव्हा विकली जाते ती दुसऱ्याची मालमत्ता. लग्नाची वरात आणि धार्मिक विधी यांत गाणं वाजवण्याला कलम ५२ मध्ये वेगळी सूट आहे, ती अनेकजण इथे पुढे करतात. ती वाजवण्याची सूट आहे, कार्ड भरून विकण्याची नाही.

मराठवाड्याच्या पेट्यांत निघणाऱ्या कॅसेटचं एक वेगळं कोडं आहे. पैठणच्या नाथांचं भारूड, गंगाखेडच्या जनाबाईचा अभंग: शब्द शेकडो वर्षांचे, त्यावर कोणाचाच हक्क नाही. पण चाल लावणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ते पहिल्यांदा प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६० साली पहिल्यांदा निघालेल्या तबकडीचा ध्वनिमुद्रणाचा हक्क ३१ डिसेंबर २०२० ला संपला. तीच गाणी १९८८ च्या कॅसेटवर परत निघाली असली तरी मोजणी पहिल्या प्रसिद्धीपासूनच होते. कॅसेटच्या कागदावर वर्तुळातल्या 'पी' शेजारचं साल बघा. निर्मात्याचं आणि हक्कदाराचं नाव-पत्ता व पहिल्या प्रसिद्धीचं साल छापणं कलम ५२ए प्रमाणे बंधनकारक आहे. जिथे कागदावर हे काहीच नाही, तिथे कॅसेट अस्सल असण्याबद्दलच शंका घ्या. सप्ताहात स्वतः टेप ठेवून भरलेल्या कीर्तनाची गोष्ट निराळी: स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेल्या अशा रेकॉर्डिंगला कलम ३९ कलाकाराच्या हक्काचा भंग मानत नाही. यूट्यूबवर टाकायचं तर बुवांना विचारावं लागेल.

सीडी असेल तर सगळं सोपं: एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकट सॉफ्टवेअर, फ्लॅकमध्ये उतरवा, झालं. जुन्या विंडोज मीडिया प्लेअरने उतरवायची असेल तर 'कॉपी प्रोटेक्ट'ची खूण आधी काढा, नाहीतर कॉम्प्युटर बदलल्यावर स्वतःच्याच फाइल उघडत नाहीत. एखाद्या सीडीला कुलूप असेल तर कलम ६५ए बघावं लागतं. उल्लंघनाच्या हेतूने कुलूप तोडणं हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा, पण कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडायला हरकत नाही. दुसऱ्यासाठी ते तोडून देणाऱ्याने मात्र त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची आहे. अशी वही ठेवणारं दुकान सापडलं तर त्याच्यावर खुशाल भरवसा ठेवा. स्ट्रीमिंग अॅपमधली 'डाउनलोड' केलेली गाणी ही खरेदी नव्हे. ती वर्गणी चालू असेपर्यंतची उसनवारी आहे, फाइल कुलूपबंद असते आणि तिची प्रत काढण्याला वरचा कुठलाही युक्तिवाद लागू पडत नाही.

प्लेअर घेतलाच तर पहिल्या दिवशी, परत करायची मुदत असेपर्यंत, तीन गोष्टी तपासा: दोन्ही चॅनेल सारख्या पातळीचे आहेत का, पेटीचा सूर थरथरतो का, आणि कॅसेट शेवटाला आली की मोटर थांबते का. न थांबणारा नग फीत ताणतो. प्रत्येक फाइलच्या फोल्डरमध्ये कॅसेटच्या कागदाचा दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो टाका. बिल तेव्हाही कोणी दिलं नव्हतं, कॅसेट आणि तिचा कागद हाच खरेदीचा पुरावा. आणि पेनड्राइव्ह ३२ जीबीचाच घ्या: ६४ जीबीचे बरेचदा एक्सफॅट या मांडणीत तयार येतात, ट्रॅक्टरच्या आणि जुन्या गाड्यांच्या टेपला ते दिसतच नाहीत. ३२ चा फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून एमपीथ्री टाकली की वाजतो.